स्क्रँटनला एक दिवस: 'द ऑफिस'च्या वेडापायी जावं का?

वागळेवाला
नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरात बहिणीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला जायचं ठरलंय. मी, बायको आणि आई. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन ही नेहमीची यादी बहिणीने आधीच आखून ठेवली आहे. मला त्यातून एक दिवस स्क्रँटनसाठी काढायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'द ऑफिस' या अमेरिकन विनोदी मालिकेतली डंडर मिफ्लिन ही कागद विकणारी कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या या गावात दाखवली आहे. २००५ ते २०१३, नऊ सीझन. मी वागळे इस्टेटला रोड नंबर सोळावर नोकरी करतो आणि आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना त्यातल्या पात्रांची नावं पडली आहेत. साहेबांनाही आहे, पण ते इथे वाचनमात्र असतात असा संशय असल्याने लिहीत नाही.

बहीण म्हणते, "तिथे काय आहे? खाणी होत्या, त्याही बंद पडल्या." बायको म्हणते, शूटिंग तर तिथे झालंच नाही. दोघींचंही खरं आहे, म्हणून इथे विचारतोय. कोणी गेलंय का? गाडीने सकाळी निघून रात्री परत येणं जमतं का? आणि मुख्य प्रश्न आईचा. तिने मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही, सत्तरी ओलांडली आहे, शाकाहारी आहे. तिला दिवसभर काय दाखवू?

बीटाची_कोशिंबीर
मी पहिली! जा, जा आणि जाच. आणि फोटो टाकल्याशिवाय धागा बंद करायचा नाही.

शंकासुर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काल्पनिक कंपनी, तिचं काल्पनिक ऑफिस, आणि ते उभं कुठे केलं होतं तर लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइजमध्ये. ज्या पार्किंग लॉटमध्ये निम्मे विनोद घडतात तो कॅलिफोर्नियाच्या उन्हातला. म्हणजे तुम्ही ते बघायला नेमके उलट्या किनाऱ्यावर चालला आहात. उद्या कोणी गोकुळधाम सोसायटी शोधत गोरेगावच्या पावडर गल्लीत फिरेल.

कोपरीची_कन्या
फिरतात हो शंकासुर! माझ्या नणंदेचे सासू-सासरे सुरतेहून आले होते. गेटवे नको, सिद्धिविनायक नंतर, आधी गोकुळधाम. ते सगळं फिल्मसिटीतला सेट आहे, असं कोणालाही आत सोडत नाहीत, हे समजावता समजावता आमच्या ह्यांच्या घशाला कोरड पडली. शेवटी आमच्याच सोसायटीच्या गेटसमोर उभं राहून फोटो काढले. त्यांच्या नातेवाइकांना तो गोकुळधामचा फोटो म्हणूनच गेला असणार.

मानपाड्याचा_मन्या
आमच्या घोडबंदर रोडवर याच्या उलट. इथल्या एका बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालतं. पडद्यावर तो कोल्हापूरजवळचा वाडा आहे. कॅमेरा जरा डावीकडे वळला तर मेट्रोचा खांब दिसेल. त्या मालिकेतल्या सासूबाई, ज्या तिथे सुनेचा अनन्वित छळ करतात, त्या संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना दिसतात. कोल्हापूरचं कोणी वाडा शोधत आलं तर त्यांना काय सांगायचं?

शंकासुर
सांगायचं, स्क्रँटनला जा.

लॅकावन्नाकर
धागा माझ्यासाठीच निघाला म्हणायचा. मी युनिव्हर्सिटी ऑफ स्क्रँटनला एमएस केलं, आता न्यू जर्सीतच असतो. सविस्तर लिहितो.

एडिसनहून २८७, मग ८०, मग ३८० हे हमरस्ते. ट्रॅफिक नसेल तर दोन-सव्वादोन तास. गाडी नसेल तर न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीहून बस मिळते. रेल्वे नाही. शेवटची प्रवासी गाडी १९७० च्या जानेवारीत गेली. परत सुरू करायच्या गोष्टी चालू आहेत, पण ऑक्टोबरात तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

शूटिंग तिथे झालं नाही हे बरोबर, पण सुरुवातीच्या शीर्षकगीतात जे गाव दिसतं ते खरं स्क्रँटन आहे. जिमचं काम करणाऱ्या जॉन क्रॅसिन्स्कीने भूमिका मिळाल्यावर स्वतः गाडीने तिथे जाऊन काही चित्रण केलं होतं, त्यातलंच ते वापरलंय. त्यात दिसणारा जुना मनोरा पेन पेपर अँड सप्लाय या कंपनीच्या इमारतीचा. गंमत म्हणजे ही खरोखरची कागदाची कंपनी. 'स्क्रँटन वेलकम्स यू' ही पाटी पूर्वी हमरस्त्याच्या कडेला होती, ती आता स्टीमटाउनच्या मॉलमध्ये आणून ठेवली आहे. तिथे रांग लावून फोटो काढतात. पात्रं बोलताना ज्या जागांची नावं घेतात त्यातल्या बऱ्याच खऱ्या आहेत: कूपर्स सीफूड, अल्फ्रेडोचा पिझ्झा, पुअर रिचर्ड्स पब. पबची कल्पना करून जाऊ नका, ते बोलिंग खेळायच्या जागेतलं आहे. ड्वाइट या पात्राच्या टेबलामागे बेडकाचं स्टिकर दिसतं ते फ्रॉगी १०१ या तिथल्या रेडिओ स्टेशनचं. ज्या तलावावर ते लोक बोटीत पार्टी करतात तो वॉलनपॉपॅक खरा आहे, पण शहरापासून बराच लांब, त्या दिवशी तो सोडा.

हे सगळं मिळून अर्धा दिवस. अगदी रेंगाळलात तरी. उरलेला अर्धा दिवस खऱ्या स्क्रँटनला द्या. त्यावर रात्री लिहितो, आता मीटिंग आहे.

बीटाची_कोशिंबीर
बेडकाचं स्टिकर!! मला इतकी वर्षं वाटायचं ते प्रॉडक्शनवाल्यांनी बनवलंय.

ठाणेकर_१८५३
एखादं शहर विनोदामुळे प्रसिद्ध होणं काय असतं हे आम्हा ठाणेकरांना विचारा. आमच्या लहानपणी पुण्या-नाशकाला गेलं आणि "कुठून आलात?" ला "ठाण्याहून" म्हटलं की समोरचा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "सुटलात कधी?" मनोरुग्णालय १९०१ चं. सिनेमा असो, नाटक असो, कोणी डोक्यावर परिणाम झाल्यासारखं वागलं की "याला ठाण्याला न्या". आम्हाला टीव्ही मालिकेची गरजच पडली नाही.

पेठी_पुणेकर
काका, आमच्याकडे येरवडा आहे. ठाण्याला पाठवायला तिकिटाचा खर्च कोण करणार?

ठाणेकर_१८५३
पुण्याला पेशंट कमी पडत नाहीत हे ऐकून बरं वाटलं.

कोपरीची_कन्या
काका, हसू येतं खरं, पण माझ्या मावशीचं लग्न त्या एका पत्त्यावरून जवळजवळ मोडलं होतं. त्या काळी रुग्णालयाच्या रस्त्याला घर म्हटलं की स्थळं बिचकायची. ज्यांच्यावर विनोद होतो त्यांनाही काहीतरी वाटत असेलच की. स्क्रँटनच्या लोकांना राग नाही येत? मालिकेत ते गाव म्हणजे कंटाळ्याचं माहेरघर दाखवलंय.

लॅकावन्नाकर
@कोपरीची_कन्या, चांगला प्रश्न. मी होतो तेव्हा तरी रागावलेलं कोणी भेटलं नाही. २००७ मध्ये तिथे चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं, २०१३ मध्ये मालिका संपताना कलाकार तिथे निरोप घ्यायला आले, रस्ते माणसांनी फुलले होते. माझी घरमालकीण, वय ऐंशीच्या आसपास, मालिका बघायची नाही, पण आमच्या गावचं नाव टीव्हीवर आठ वर्षं घेतलं याचा तिला कोण अभिमान. त्याआधी या गावाचं नाव बातम्यांत यायचं ते काहीतरी बंद पडलं म्हणून, असं तीच म्हणायची.

आता खरं स्क्रँटन. कोळसा, लोखंड आणि रेल्वे यांवर उभं राहिलेलं गाव. १९३० मध्ये लोकसंख्या एक लाख त्रेचाळीस हजार होती, २०२० च्या जनगणनेत शहात्तर हजार. म्हणजे निम्मं गाव उठून गेलं. मग मागे काय उरलं, तर दगडी, भरभक्कम सार्वजनिक इमारती, ज्या आत्ताच्या वस्तीच्या मानाने फार मोठ्या वाटतात. १९०८ चं रेल्वे स्टेशन बघा, त्याचं हॉटेल झालंय, आत जाऊन छत बघून यायला हरकत नसते. कोर्टाच्या चौकात 'द इलेक्ट्रिक सिटी' अशी दिव्यांची भलीमोठी पाटी आहे, मालिकेतल्या लोकांचा रॅप आठवत असेल. ते नाव उगाच नाही पडलेलं. १८८६ मध्ये तिथे विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली.

आईंना काय दाखवायचं? दोन जागा. एक, स्टीमटाउन. राष्ट्रीय उद्यानवाल्यांच्या ताब्यातलं वाफेच्या इंजिनांचं संग्रहालय, जुन्या रेल्वे यार्डातच. इंजिन वळवायच्या फिरत्या टर्नटेबलभोवती इंजिनं उभी आहेत. 'बिग बॉय' जातीचं एक आहे, त्याच्या चाकाशेजारी माणूस उभा राहिला की माणूसच खेळण्यातला वाटतो. हंगामात छोट्या फेऱ्याही सोडतात, वेळापत्रक आधी बघा. शेजारीच ट्रामचं संग्रहालय.

दुसरी, लॅकावन्ना कोळसा खाण, मॅकडेड पार्कमध्ये. डब्यात बसवून उतारावरून सुमारे ३०० फूट खाली नेतात. हिवाळ्यात बंद असते, ऑक्टोबरात चालू मिळेल. खाली कायम दहा-बारा अंश असतं, स्वेटर हवाच. पायाखाली ओलं, उंचसखल असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आईंना वरच्या अँथ्रासाइट (तिथला दगडी कोळसा) संग्रहालयात बसवा, तेही उत्तम आहे. कोळशातले दगड निवडणाऱ्या लहान पोरांबद्दल तिथे वाचाल, मग दिवसभर मालिकेतले विनोद जरा कमी सुचतात.

मन_स्लाउचे_मनी
मी यूकेहून. सगळे अमेरिकन 'ऑफिस'बद्दल बोलताय, मूळ ब्रिटिश मालिका २००१ ची, ती स्लाउ या गावातली. तिकडे कोणी पर्यटनाला जात नाही, मी रोज जातो, नोकरीला. स्लाउ म्हणजे यांचं वागळे इस्टेटच समजा. १९२० च्या सुमाराचं ट्रेडिंग इस्टेट, ओळीने शेड, मध्ये कँटीनची गाडी. मार्स चॉकलेटचा कारखाना इथलाच. म्हणजे कॅडबरी नाकाही आला. शीर्षकात दिसणारं बसस्थानक पाडून टाकलं. कोणाला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

वागळेवाला
@मन_स्लाउचे_मनी, तुमचं सदस्यनाव फार आवडलं. आणि वागळे इस्टेट एमआयडीसीचं पहिलंवहिलं, १९६२ चं, त्यामुळे आमच्याशी जपून.

@लॅकावन्नाकर, साष्टांग. प्रतिसाद बहिणीला पाठवला. "हे आधी सांगायचंस ना, मला वाटलं नुसतं फोटो काढायला जायचंय" असं उत्तर आलं.

शंकासुर
बघा, म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला. खाण बघायला जा, इंजिनं बघायला जा. मालिकेचं निमित्त कशाला हवं?

दुपारचा_चहा
@शंकासुर, कारण निमित्त नसतं तर त्यांनी स्क्रँटन हे नाव ऐकलं असतं का? तुम्ही ऐकलं होतं का?

मला ही मालिका आणि ते गाव यांचा सांधा वेगळाच दिसतो. डंडर मिफ्लिन कागद विकते, अशा काळात की ज्या काळात लोक कागद वापरायचं सोडतायत. प्रत्येक सीझनमध्ये शाखा बंद होणार ही टांगती तलवार. आणि हे गाव कोळसा विकायचं, ज्या काळात लोक तेल आणि गॅसकडे वळत होते. लेखकांनी एवढा विचार करून गाव निवडलं असं माझं म्हणणं नाही. पण ती मालिका सिलिकॉन व्हॅलीत घडवली असती तर शाखेचा साहेब मायकेल स्कॉट नुसता मूर्ख वाटला असता. इथे तो मूर्ख वाटतोच, पण त्याच्या मूर्खपणाने पंधरा माणसांची नोकरी टिकून आहे असंही वाटत राहतं. म्हणून ती मालिका मी ऑफिसात फार वाईट दिवस गेला की लावतो.

शंकासुर
ऐकलं होतं. बायडन तिथले. जन्म १९४२.
बाकी मुद्दा बरा आहे.

बीटाची_कोशिंबीर
शंकासुरांनी "बरा आहे" म्हटलं! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

कळव्याचा_काळू
कोर्टाच्या चौकाचा विषय निघालाय म्हणून भर घालतो. तिथे जॉन मिचेलचा पुतळा आहे, खाण कामगारांचा पुढारी. १९०२ साली अँथ्रासाइटच्या खाणीत पाच महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार. हिवाळा तोंडावर, शहरांना कोळसा नाही, शेवटी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मध्ये पडले आणि आयोग नेमला. त्या आयोगापुढे सुनावणी झाली ती याच स्क्रँटनच्या कोर्टात, कामगारांच्या बाजूने वकील क्लॅरन्स डॅरो उभे. दहा टक्के वाढ मिळाली, दहा तासांचे नऊ तास झाले. युनियनला मान्यता मात्र नाही.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर लालबागची खोली सोडून आम्ही कळव्याला आलो. आमच्याकडे कोणी आयोग नेमून संप मिटवला नाही, तो रीतसर मागेही घेतला गेला नाही, नुसता विरत गेला. वडिलांनी नंतर रिक्षा चालवली. त्यामुळे कोणी "खाणीही बंद पडल्या, तिथे काय आहे" असं म्हटलं की मी थांबून विचारतो, मग माणसं कुठे गेली?

लॅकावन्नाकर
@काळू, बरीच बाहेर गेली, न्यू जर्सीतल्या कारखान्यांत, फिलाडेल्फियाला. १९५९ मध्ये जवळच्या पिट्स्टनला नदीचं पाणी खाणीत घुसून बारा माणसं गेली, त्यानंतर त्या पट्ट्यातली खोल खाणकामं संपल्यातच जमा झाली. आणि नवी माणसंही आलीत. भूतानमधून निर्वासित झालेले नेपाळी भाषक तिथे बरेच स्थिरावलेत. मला एमएसच्या काळात डाळ-तांदूळ-हळद त्यांच्याच दुकानातून मिळायचं.

मानपाड्याचा_मन्या
यावरून आठवलं, मालिकेत दिवाळीचा भाग आहे ना? केली कपूर सगळ्या ऑफिसला दिवाळीला नेते तो?

बीटाची_कोशिंबीर
हो, तिसऱ्या सीझनमधला, २००६ चा. केलीचं काम करणाऱ्या मिंडी केलिंगनेच लिहिलेला. आपल्याकडची हिंदी आवृत्ती पण आली होती २०१९ मध्ये, फरिदाबादची, कंपनी विल्किन्स चावला. फरिदाबादला कोणी धागा काढून जात नाही पण.

मानपाड्याचा_मन्या
मराठीत करायची झाली तर शंभर टक्के वागळे इस्टेट. दुपारी मामलेदार मिसळ, संध्याकाळी साहेब तलावपाळीला सगळ्यांना घोडागाडीत बसवून "टीम बिल्डिंग" करतायत.

ठाणेकर_१८५३
मामलेदार दुपारी नाही, सकाळी. आणि वागळे इस्टेटहून मिसळीला चालत कोण येतं, तुम्ही खरे ठाणेकर का?

मानपाड्याचा_मन्या
काका, चालत कुठे म्हटलं? कंपनीच्या खर्चाने रिक्षा, साहेब पावती मागतात, रिक्षावाला पावती देत नाही. अख्खा पहिला भाग त्यावरच.

पेठी_पुणेकर
मिसळीचा विषय निघाल्यामुळे मी बोलायला पाहिजे

कोपरीची_कन्या
नको!! नवा धागा काढा. आईंच्या जेवणाचं कोणीच सांगितलं नाही अजून.

लॅकावन्नाकर
हो, राहिलंच. स्क्रँटनला लागून ओल्ड फोर्ज नावाचं छोटं गाव आहे, ते स्वतःला जगाची पिझ्झा राजधानी म्हणवतं. तिथला पिझ्झा चौकोनी, ट्रेमध्ये भाजलेला. पिझ्झा मागायचा तर "ट्रे" आणि तुकडा मागायचा तर "कट". लाल म्हणजे वर सॉस, पांढरा म्हणजे वरूनही पावाचंच झाकण. साधा चीजचा घेतला की शाकाहारी माणसाचं पोट भरतं. लाल सॉस आईंना गोडसर लागेल, सोबत ठेचा ठेवा.

वागळेवाला
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला अख्खा धागा वाचून दाखवला. संपाच्या प्रतिसादावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली काळूला सांग, आमच्या चाळीतलेही दोघे गेले गावी परत. मालिकेचं तिला काही पडलेलं नाही. पण अँथ्रासाइट या शब्दावर अडली. मी वाचून सांगितलं की हा कोळसा जवळजवळ बिनधुराचा जळतो. ती म्हणाली, असा कोळसा नसतो. नौपाड्याच्या चाळीत तिने शेगडी फुंकण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, आणि दगडी कोळसा म्हणजे डोळ्यांतून पाणी हे तिचं ठाम मत. मी लॅकावन्ना रेल्वेची जुनी जाहिरात शोधून दाखवली, पांढरा झगा घातलेली फिबी स्नो नावाची बाई, अँथ्रासाइटवर चालणाऱ्या गाडीने गेलं तर कपडे काळे होत नाहीत असं सांगणारी. आई म्हणाली, "जाहिरातीत काय, काहीही दाखवतात. मला खाणवाल्यालाच विचारू दे."

तर खाण नक्की. गुडघे बरे आहेत, यंदाही जिने चढून गडावर देवीला जाऊन आली.

दुपारचा_चहा
आईंना सांगा, खाणीतले मार्गदर्शक प्रश्नांना घाबरत नाहीत. दुभाषाचं काम मात्र तुम्हालाच करावं लागेल, "शेगडी फुंकणे"ला काय म्हणणार ते आधी ठरवून ठेवा.

बीटाची_कोशिंबीर
आणि आईंचा फोटो त्या वेलकमच्या पाटीखाली. तेवढं शंकासुरांसाठी तरी.

शंकासुर
माझ्यासाठी काही नको. पण जातच असाल तर शनिवार-रविवार टाळा. ऑक्टोबरच्या मध्यावर पोकोनोच्या डोंगरात पानं रंगतात आणि ८० नंबरला डेलावेअर वॉटर गॅपपाशी गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. सातच्या आत एडिसन सोडा. आधी खाण, मग इंजिनं, शेवटी ती तुमची पाटी. उलट केलंत तर खाणीचा शेवटचा डबा चुकेल.

वागळेवाला
@शंकासुर, तुम्ही गेला आहात का तिथे?

शंकासुर
मुलगा घेऊन गेला होता. मी इंजिनं बघितली.

बीटाची_कोशिंबीर
आणि पाटीखाली फोटो?

शंकासुर
मुलाने काढला. टाकणार नाही.